मालवणची फॅमिली ट्रिप ३० हजारांत: कशाच्या आधी काय करायचं

दरवर्षी ओळखीतलं कोणी ना कोणी मालवणला जाऊन येतं आणि आल्यावर म्हणतं की अगं, बजेट पार कोलमडलं. मग हिशोब ऐकला की कळतं की खर्च काही फार केलेला नसतो, पण कामं उलट्या क्रमाने केलेली असतात. आधी इन्स्टावर बघून बीचवरची रूम बुक केली, मग तिकिटं बघितली तर वेटिंग, मग नाइलाजाने गाडी भाड्याने घेतली आणि जेवणाचे पैसे तिथेच संपले. हे इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी सगळं एकदा लिहूनच काढावं म्हटलं.

क्रम असा आहे: आधी एकूण रक्कम, मग तारीख, मग गाडीचं तिकीट आणि सगळ्यात शेवटी रूम. मालवण हे फक्त उदाहरण आहे, आम्ही तिथे गेलो म्हणून. पद्धत तुम्ही गणपतीपुळ्याला किंवा महाबळेश्वरला पण वापरू शकता.

आमच्या घरात माणसं सहा. आम्ही दोघं, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा, सासूबाई ६९ आणि सासरे ७६. राहतो ठाण्यात. पुढचे सगळे आकडे या सहा जणांचे आणि तीन रात्रींचे आहेत.

१. आधी रक्कम ठरवा आणि लगेच वाटून टाका

"साधारण पंचवीस-तीस जाईल" असं बोलून सोडून देऊ नका, वहीत एकच आकडा लिहा. आम्ही ३०,००० लिहिला आणि तो असा वाटला:

प्रवास (रेल्वे जाऊन-येऊन, घर ते स्टेशन, उतरायचं स्टेशन कुडाळ ते मालवण): ५,०००
राहणं (दोन रूम, तीन रात्री, रूमला १,५००): ९,०००
खाणं-पिणं: ९,०००
तिथलं फिरणं, रिक्षा वगैरे: ३,०००
बोट आणि तिकिटं: १,५००
हात न लावायचे: २,५००

हे आम्ही धरलेले आकडे आहेत, दर सीझनप्रमाणे बदलतात, तुम्ही फोन करून तुमचे आकडे टाका. पण शेवटची ओळ काढायची नाही. वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असली की डॉक्टर, औषध, चुकलेली बस यातलं काहीतरी एक होतंच, ते या पैशातून जातं.

काजू, कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस), खाजा याची खरेदी यात धरलेली नाही आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. शेजारी, ऑफिस, नणंद, मामी असं करत करत दोन-तीन हजार सहज जातात आणि ते जेवणाच्या पैशातून जातात. कोणाला काय आणायचं त्याची यादी घरीच करा आणि पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा.

तपासा: तिथल्या फिरण्याला निदान एकूण रकमेचा दहावा भाग ठेवलाय का? ठेवला नसेल तर पुढे जाऊ नका, कारण रेल्वेत आणि रूममध्ये वाचवलेले पैसे रिक्षात जातात.

२. तारीख ठरवताना

जागा तीच, रूम तीच, पण ख्रिसमस ते ३१ डिसेंबर आणि फेब्रुवारीतला मंगळवार यात दराचा फरक बघून डोळे पांढरे होतात. टाळायचे दिवस म्हणजे भाऊबीजेनंतरचा आठवडा, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी, आणि गणपती-शिमग्याच्या गाड्या (तेव्हा चाकरमानी गावी जातात, तुम्हाला तिकीट मिळणार नाही आणि मिळू पण नये, त्यांचा हक्क आधी).

अजून एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीतच नसते. मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा असते, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. तारीख ठरलेली नाही, दरवर्षी कौल लावून ठरते. त्या दोन-तीन दिवसांत लाखो माणसं येतात, ट्रेन फुल्ल, एसटी फुल्ल, रूम फुल्ल. जत्रेलाच जायचं असेल तर उत्तम, पण बीच बघायला निघालेली फॅमिली त्या गर्दीत सापडली तर सगळा प्लॅन जातो. फेब्रुवारी ठरवत असाल तर आधी जत्रेची तारीख जाहीर झाली का ते बघा.

मे महिन्यात जाणार असाल तर २५ तारखेच्या आत परत या. पावसाळ्यासाठी २६ मे ते ३१ ऑगस्ट समुद्रातली प्रवासी बोट आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरूनच बघायचा. मुलांना किल्ल्याची स्वप्नं दाखवून २८ मेला नेलेली माणसं मी बघितलीत.

आम्हाला सगळ्यात परवडलेले दिवस म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा, सोमवारी रात्री निघून शुक्रवारी संध्याकाळी परत फिरायचं. मुलांची चार दिवस शाळा बुडते हे खरं, त्यामुळे स्कॉलरशिपला बसलेलं किंवा दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर हा महिना सोडा आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा बघा.

३. रेल्वेचं तिकीट, आणि इथे घाई नाही तर तयारी लागते

मालवणला रेल्वे नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरायचं आणि पुढे एसटी. मुंबईकडून कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या आहेत. रात्रीच्या गाडीने गेलं की एका रात्रीचं रूमचं भाडं वाचतं, म्हणून आम्ही तुतारी घेतली.

बुकिंग आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले, तरी अजून लोक चार महिने आधी शोधत बसतात आणि मग कंटाळून विसरून जातात. हिशोब असा करा: २ फेब्रुवारीची गाडी असेल तर ४ डिसेंबरला सकाळी ८ वाजता उघडणार. परतीची ५ फेब्रुवारीची असेल तर ती ७ डिसेंबरला. म्हणजे दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी ८ ला बसायचंय. दोन्ही तारखांना मोबाईलमध्ये अलार्म लावा. जातानाचं कन्फर्म आणि येतानाचं वेटिंग ८० ही अवस्था दुसरा अलार्म न लावल्यामुळे येते.

आदल्या आठवड्यात करायची तयारी:
आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून घ्या, नाहीतर उघडल्या उघडल्या जो महत्त्वाचा वेळ असतो त्यात बुकिंगच करता येत नाही, आणि ऑनलाइन तत्काळ पण मिळत नाही. सहाही जणांची नावं-वयं त्याच खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये (प्रवाशांच्या यादीत) भरून ठेवा. आठ वाजता नावं टाईप करत बसलात तर सीट गेली.

आता तिकीट काढतानाच्या चुका, एकेक करून.

पहिली, तारखेची चूक. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे तिकिटावर २ फेब्रुवारी असेल तर तुम्हाला १ तारखेच्या रात्री जेवून घरातून निघायचंय. २ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन स्टेशनवर गेलात तर तुमची गाडी चोवीस तासांपूर्वी गेलेली असते. कोकणकन्येचं पण पनवेलहून चढणाऱ्यांसाठी तसंच, मुंबईहून रात्री अकरानंतर निघते आणि पनवेलला येईपर्यंत तारीख बदललेली असते. पुण्याहून पनवेलला येऊन गाडी पकडणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

दुसरी, हाफ तिकीट. ५ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलाचं अर्ध तिकीट काढलं तर त्याला बर्थ मिळत नाही. बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं. दिवसाच्या प्रवासात अर्ध चालतं, रात्रीच्या गाडीत नऊ वर्षांचा मुलगा आणि तुम्ही एका बर्थवर झोपून बघा, सकाळी मालवणला पोचून अख्खा दिवस झोपेत जातो. आम्ही मुलाचं पूर्ण काढलं.

तिसरी, आजी-आजोबांची लोअर बर्थ. सगळ्या सहा जणांचं एकच तिकीट काढलं तर ज्येष्ठांच्या लोअर बर्थचा कोटा लागत नाही. तो कोटा ६० च्या पुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या बायका यांच्यासाठी, आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त अशी दोनच माणसं असतील तर. म्हणून सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा, त्या कोट्यातून, आणि बाकी चौघांचं वेगळं. डबे वेगळे येऊ शकतात, त्याची मनाची तयारी ठेवा. तसं झालंच तर आमच्याकडे नवरा त्यांच्या डब्यात जाऊन कोणाशी तरी सीट बदलून घेतो, खालची बर्थ मागत नसलो की लोक ऐकतात. आणि रेल्वेत ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून बजेट करू नका.

⚠ वेटिंग तिकिटावर फॅमिलीला घेऊन निघू नका. ऑनलाइन काढलेलं पूर्ण वेटिंग तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला, पण एका तिकिटावर चारच माणसं बसतात आणि पैसे जास्त लागतात. तत्काळच्या भरवशावर रूमचा अ‍ॅडव्हान्स भरायचा नाही.

तपासा: जाण्याचं कन्फर्म आहे? येण्याचं कन्फर्म आहे? दोन्हीला हो असेल तरच चौथा टप्पा.

गाडी भाड्याने घेण्याबद्दल दोन शब्द, कारण प्रत्येक घरात कोणीतरी हा विषय काढतंच. बरेच गाडीवाले दिवसाला कमीत कमी ३०० किमी धरतात. चार दिवस गाडी ठेवली की १,२०० किमीचे पैसे द्यायचे, मधले दोन दिवस गाडी नुसती झाडाखाली उभी असली तरी. वर ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल. तीस हजारांत हे बसत नाही.

४. आता रूम, आणि ती मालवण गावात

तारकर्ली आणि देवबागचे किनारे सुंदर आहेत यात वादच नाही. पण स्वतःची गाडी नसेल तर राहायला मालवण गाव घ्या. बाजार, एसटी स्टँड, किल्ल्याची जेटी सगळं जवळ आहे, चिवला बीच गावातच आहे, सासरे रोज सकाळी तिथे चालत जायचे. तारकर्लीला राहिलात की प्रत्येक वेळी बाजारात यायला ६-७ किमी, रिक्षा, परत जायला रिक्षा, आणि रात्रीचं जेवण जिथे राहताय तिथलंच, मग ते ज्या भावात देतील त्या भावात.

घरगुती होमस्टे शोधा. सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेली घरं पण आहेत, त्यांची चौकशी करा. फोटोवर जाऊ नका, फोन करा आणि हे सगळं एका दमात विचारा: सहा माणसं आहोत, दोन रूममध्ये बसतो का, जादा गादीचे वेगळे पैसे आहेत का, टॅक्स धरून रेट सांगताय का, तळमजला आहे का, टॉयलेट कमोडचं आहे का (गुडघेदुखीवाल्यांसाठी हे सगळ्यात आधी), गरम पाणी कधी असतं, सकाळी लवकर पोचलो तर रूम मिळेल का.

शेवटचा प्रश्न विसरू नका. रात्रीच्या गाडीने तुम्ही सकाळी कुडाळला उतरता आणि रूम दुपारी १२ ला मिळते. मधल्या वेळात मुलं, म्हातारी माणसं आणि पाच बॅगा घेऊन रस्त्यावर बसावं लागतं. चांगले लोक निदान एक रूम लवकर उघडून देतात, आंघोळीपुरती, पण आधी सांगितलं तर.

एकदा एका ठिकाणी आम्ही पूर्ण पैसे आधीच पाठवले होते. फोनवर "हो हो, सहाजण आरामात" म्हणाले आणि तिथे गेल्यावर दोन गाद्यांचे रोजचे वेगळे पैसे लावले. सगळे पैसे देऊन बसल्यावर दुसरीकडे जाता पण येत नाही. तेव्हापासून २५-३० टक्क्यांच्या वर अ‍ॅडव्हान्स देत नाही, आणि फोनवर जे ठरलं ते लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवते, "दोन रूम, सहा माणसं, गाद्या धरून, टॅक्स धरून, रोज इतके", समोरच्याने ओके लिहिलं की मगच पैसे.

⚠ फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारा, फोन न उचलणारा, "आत्ताच पूर्ण भरा नाहीतर रूम जाईल" म्हणणारा, अशाला एक रुपया पण पाठवू नका. रूमचा व्हिडिओ मागा, खरा माणूस चालत चालत दाखवतो.

५. एसटीचा हिशोब घरीच करून ठेवा

हा भाग मला फार आवडतो कारण इथे खरी बचत आहे. महाराष्ट्रात एसटीला सगळ्या महिलांना अर्ध तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्ध, ७५ च्या पुढे फुकट, आणि ५ ते १२ च्या मुलांना अर्ध. आता आमचं बघा: नवरा पूर्ण, मी अर्ध, मुलगी अर्ध, मुलगा अर्ध, सासूबाई अर्ध, सासरे फुकट. सहा माणसं आणि भाडं तिघांचं!

ज्येष्ठांचं आधार कार्ड मूळ बरोबर ठेवा आणि ते बॅगेच्या तळाशी नको, त्यांच्याच खिशात द्या. कंडक्टर मागतो तेव्हा गर्दीत बॅग उघडता येत नाही.

कुडाळ स्टेशन गावाच्या जरा बाहेर आहे, तिथून स्टँडपर्यंत रिक्षा करा आणि पुढे मालवणची एसटी. स्टेशनवर थेट मालवणचा रिक्षावाला भेटतो, सहा माणसांना आणि सामानाला एक रिक्षा पुरत नाही, दोन कराव्या लागतात, म्हणून ठरवायच्या आधी दोन रिक्षांचं भाडं मोजा.

मालवणहून देवबागला जाणारी एसटी तारकर्लीवरून जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. पोचल्या पोचल्या स्टँडवरच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते कंडक्टरलाच विचारा.

६. चार दिवस कसे लावायचे

पहिला दिवस: पोचणं, आंघोळ, झोप, संध्याकाळी चालत चिवला बीच. पहिल्याच दिवशी काही पैशाचं करू नका, दमलेलं माणूस घासाघीस करत नाही, सांगेल तो भाव देऊन टाकतं.

दुसरा दिवस: सकाळी लवकर सिंधुदुर्ग किल्ला. बोट मालवणच्या जेटीवरून सुटते आणि किल्ल्यावर साधारण तासाभराचा वेळ देतात, त्यामुळे आत गेल्यावर आधी फोटो नाही, आधी शिवराजेश्वराचं मंदिर, मग तटबंदी. पाणी आणि टोप्या बरोबर. सासूबाईंना बोटीत चढताना भीती वाटली होती, बोटवाल्याला आधी सांगितलं तर तो हात देऊन पुढे बसवतो. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघा, फुकट आहे आणि मुलं तासभर हलत नाहीत.

तिसरा दिवस: तारकर्ली-देवबाग. रिक्षाचे पैसे याच एका दिवसासाठी राखून ठेवलेत. एसटीने जा, तिथे नदी-समुद्राच्या संगमाची बोट करा, येताना उशीर झाला तर रिक्षा. बोटीचा दर माणशी आहे की बोटीमागे, आणि कुठले कुठले पॉइंट दाखवणार, हे बसायच्या आधी. स्कुबा करायचं असेल तर फोटो-व्हिडिओ त्यात धरलेत का आणि वयाची अट काय ते विचारा. आम्ही नाही केलं, बजेटमध्ये नव्हतं, आणि मुलांना ते घरीच सांगितलं होतं म्हणून तिथे रडारड झाली नाही. हे घरी सांगणं फार महत्त्वाचं आहे.

चौथा दिवस: बाजार, खरेदीचं वेगळं पाकीट, दुपारी निघायचं.

७. जेवण

सहा माणसं दोन्ही वेळ हॉटेलात सुरमई थाळी खाणार असतील तर नऊ हजार दोन दिवसात संपतील. दिवसातून एकच जेवण बाहेर माशाचं, दुसरं होमस्टेमध्ये साधं, डाळ-भात, भाजी, सोलकढी. बाहेर पण सुरमई-पापलेटच पाहिजे असं नाही, बांगडा थाळी स्वस्त असते आणि ताजा बांगडा असेल तर मी सुरमई सोडून तोच खाईन. एका दिवशी कोंबडी-वडे ठेवा. नाश्त्याला घावणे, आंबोळी, उसळ.

होमस्टेला जेवण आदल्या रात्री सांगावं लागतं. ऐन वेळी सांगितलं तर घरात तेवढं नसतं आणि मग बाहेर जावं लागतं. बंदरावरून आपण मासे आणले तर करून द्याल का, करणावळ किती, हे पण पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आम्ही एका संध्याकाळी असं केलं, आख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं जेवण ते झालं.

⚠ सगळीकडे यूपीआय चालेल असं धरू नका, रेंज जाते. सुट्टे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, घरूनच न्या. रोज रात्री झोपायच्या आधी त्या दिवसाचा खर्च वहीत लिहा, पाच मिनिटं लागतात. दुसऱ्या रात्री आमचं जेवण ४०० ने वर गेलं होतं, तिसऱ्या दिवशी दुपारी थाळीऐवजी उसळ-पाव खाल्ला आणि परत रुळावर आलो.

८. परतताना

गाडी कुडाळहून संध्याकाळी आहे म्हणून संध्याकाळपर्यंत मालवणात थांबू नका. एक एसटी चुकली किंवा फुल्ल आली तर पुढचीने पोचता आलं पाहिजे, म्हणून दुपारी जेवून निघा. रूम सोडायची वेळ सकाळची असते, बॅगा दुपारपर्यंत ठेवू द्याल का विचारा, नाही कोणी म्हणत नाही.

रात्रीच्या जेवणासाठी होमस्टेच्या काकूंकडून चपाती-भाजी बांधून घ्या, सहा जणांचं. काजूची पाकिटं वरच्या बॅगेत ठेवा आणि आगळाची बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून उभी ठेवा, ती सांडली की कपड्यांवरचा डाग निघत नाही. कुडाळ स्टेशनवर पोचलात की आधी डब्याची जागा बोर्डवर बघून तिथेच बॅगा लावा, कारण गाडी तिथे थोडाच वेळ थांबते आणि सासऱ्यांना पळवत नेणं जमत नाही.